थर्मासमधला चीक

चीक वाफवला की थिजतो आणि दूध कितीही उकळलं तरी थिजत नाही, यात विचारण्यासारखं काही आहे असं वयाची तिशी उलटेपर्यंत मला वाटलं नव्हतं. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर, दाट दूध निघतं तो चीक, आणि त्यात गूळ घालून वाफवलं की खरवस होतो, एवढं शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणूनच कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न पडला एका थर्मासमुळे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरला खोली घेऊन राहत होतो आणि पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. थोरली बहीण, आमची आक्का, निमोण्यात दिलेली. दाजी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीनं काम करायचे, कारेगावला राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. त्यामुळे घरात आक्का आणि तिचे सासरे, आबा, एवढेच. गोठ्यात एक संकरित गाय. ती आक्कानं वासरापासून वाढवली होती. पहिल्या दोन्ही वेतांना गोऱ्हे झाले. तिसऱ्या वेताला तरी कालवड व्हावी, म्हणजे गोठ्यात दुसरी गाय उभी राहील, हा तिचा हिशेब सगळ्या नातेवाइकांना पाठ होता.

थंडीचे दिवस होते. सकाळी निमोण्याच्या टेलिफोन बूथवरून आक्काचा फोन आला.

"व्याली. कालवड हाय," ती म्हणाली.

मी आनंद व्यक्त केला. 

"कास गेली पण तिची. चारी सड दगडावानी झाल्यात. पिळलं तर पाणी आन् रगात येतंय. डॉक्टर येऊन गेले. म्हणले, गाय वाचंल, कास न्हाई वाचायची."

गुरांचे डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. गाईला सुई टोचून त्यांनी आक्काला सांगितलं होतं की आता कालवडीचं बघा. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काहीच नसतं. ते सगळं त्याला चिकातून मिळतं, आणि तेही पहिल्या दिवसातच. त्यानंतर आतडं ते जसंच्या तसं आत घेईनासं होतं. जितका उशीर तितका फायदा कमी. साधं दूध पाजून पोट भरेल, पण पहिल्या हगवणीला वासरू हातचं जाईल. चीक कुठल्याही गाईचा चालेल, म्हशीचाही चालेल. आज पाहिजे.

"मग गावात बघ ना," मी म्हणालो.

"गावात कुणाचं न्हाई आत्ता."

हे तिला कसं कळलं, ते सांगायला हवं. निमोण्यात, आणि आसपासच्या बहुतेक गावांत, चीक विकत नाहीत, वाटतात. जनावर व्यालं की पहिला चीक वासराला, मग उरलेल्याच्या वाट्या भावकीत आणि शेजारी जातात. वाटी घेणाऱ्यानं ती रिकामी परत करायची नसते, निदान साखरेची चिमूट टाकायची. त्यामुळे कुणाच्या गोठ्यात काय झालं हे बायकांना कुणी सांगायला लागत नाही. वाटी आली की बातमी आली. मी बातम्यांवर पोट भरणारा माणूस, पण एवढी भरवशाची बातमीव्यवस्था माझ्या दैनिकाकडेही नव्हती. गेल्या महिनाभरात आक्काच्या दारी एकही वाटी आली नव्हती. म्हणजे गावात कुणाचं जनावर व्यालं नव्हतं. तिनं गल्लीतल्या दोन-तीन घरी विचारून खात्री करून घेतली होती आणि त्यांच्याकडेही वाटी आली नव्हती.

आक्काची नणंद दौंडला असते. तिला सगळे वन्सं म्हणतात, कारण आक्का म्हणते. गावाबाहेर रेल्वे लाइनीच्या पलीकडे तिची दोन एकर जमीन आणि चार गाई. तिची एक गाय आदल्याच दिवशी व्याली होती. आक्कानं आधी तिलाच फोन केला होता.

"वन्सं चीक काढून ठेवत्यात. तू गाडी घेऊन जा आन् तसाच हिकडं ये. कुठं चहाला थांबू नको," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे, भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून दौंड. हंगाम कारखान्यांचा होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटरसायकल रेंगाळत होती. दौंडला पोचलो तेव्हा वन्सं अंगणात थर्मास घेऊन उभ्याच होत्या. पांढऱ्या झाकणाचा, काचेच्या भांड्याचा, त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात दवाखान्यात नेलेला थर्मास. सोबत एक टॉवेल, तो गुंडाळायला.

"चांगला ऊन करून भरलाय बघा, दादा. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं विसळून घेतला. गार दूध पाजलं की लेकराचं पोट बिघडतं. आन् कच्चंही नको, परक्या गाईचं हाय. वहिनीला सांगा, उघडला की लगेच पाजायचं."

"काही पथ्य?"

"पथ्य कसलं? जपून न्या, आपटू नका. काच हाय."

मी जपून नेला. टॉवेलात गुंडाळून पोटाशी बांधला, वर स्वेटर. परतताना उसाच्या एका ट्रॉलीचा टायर फुटल्यानं रस्ता अडला होता, तिथं बराच वेळ गेला. पण थर्मास थर्मासच होता, आतलं गार होणार नव्हतं. त्याचं मला समाधान वाटत होतं.

निमोण्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कालवड गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. उठायचा प्रयत्न करत होती आणि मागचे पाय घसरत होते. आक्कानं रबरी बूच लावलेली बाटली स्वच्छ करून ठेवली होती. आबा भिंतीला टेकून बसले होते. आक्कानं थर्मासचं झाकण काढलं, आतलं बूच काढलं आणि बाटलीवर थर्मास तिरपा केला.

काही आलं नाही.

तिनं तो आणखी तिरपा केला, मग उलटा केला. मग हातानं बुडावर चापट मारली. थर्मासच्या तोंडाशी एक पिवळा, गुळगुळीत गोळा येऊन थरथरला आणि तिथंच थांबला. आक्का त्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं हे मी लिहिणार नाही. ती काय बोलली ते लिहितो.

"वन्सं, वेलदोडा घालायचा राहिला की वं."

आबांनी पुढं होऊन बोटानं थोडं काढलं, चाखलं. "आळणी हाय," ते म्हणाले. "पर जमलाय बरा."

आक्कानं चमच्यानं ढवळून, पाणी घालून ते पातळ करायचा प्रयत्न केला. गोळ्याचे तुकडे झाले, तुकड्यांचे कण झाले, पण चीक झाला नाही. पाणी वेगळं आणि कण वेगळे. कालवडीनं बाटलीचं बूच चोखलं, दोन-तीन घोट गेले, मग बूच चोंदलं.

वन्सं जन्मभर खरवस करत आलेल्या. चीक तापला की थिजतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? नंतर मी त्यांना हे विचारलं, तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या. "मी खरवस कुठं करत व्हते? मी लेकराला दूध धाडत व्हते," असं त्यांचं उत्तर होतं. आणि ते खरं होतं. गूळ नाही, वाफेचं पातेलं नाही, वर झाकण नाही. मग तो खरवस कसा होईल? त्यांनी कढईतल्या पाण्यात भांडं ठेवून चीक चटका बसेल इतका तापवला, तो पातळ दिसला म्हणून भरला. उरलेलं काम वाटेत थर्मासनं केलं. लहान मुलाला कच्चं, परक्याचं, गार दूध द्यायचं नाही, हा बाळंतिणीच्या खोलीतला नियम त्यांनी मायेनं गोठ्यात आणला होता.

डॉक्टर गाईला दुसरी सुई द्यायला आले तेव्हा आम्ही तिघं त्या थर्मासभोवती बसलो होतो. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हसू आवरलं.

"हे आता तुम्हीच खा," ते म्हणाले. "हिच्या कामाचं राहिलं नाही. ताकद गेली त्याची."

"पोटात तर जाईल ना? वस्तू तर तीच आहे," मी म्हणालो.

"वस्तू तीच आहे. घडी मोडली."

मला हे उत्तर कळलं नाही. पण विचारायची ती वेळ नव्हती, कारण आक्का त्यांना दुसरंच विचारत होती. आता काय करायचं? शिरूरला कुणाची गाय? केंदूरला त्यांच्या ओळखीचं कुणी?

डॉक्टर तिच्याकडे आश्चर्यानं बघत होते. "केंदूरला कशाला? तुमच्या गावातच आहे की. दुपारी मी तिथंच होतो. काल संध्याकाळी व्याली, वार पडत नव्हती म्हणून बोलावलं होतं. ती वरची वस्ती नाही का, विहाराजवळची? कडेचं घर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आक्काला माहीत नव्हतं. गल्लीतल्या कुणालाच नव्हतं. बौद्ध वस्तीतली गाय व्याली तर तिच्या चिकाची वाटी या गल्लीत येत नसे आणि इथली तिथं जात नसे. कुणी तसं ठरवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वाटी आली नाही म्हणजे गाय व्याली नाही, या हिशेबानं आम्ही दौंडला जाऊन आलो होतो. ते घर गोठ्याच्या मागच्या बाजूनं दिसत होतं.

आक्कानं चरवी उचलली.  ती उंबऱ्याशी पोचल्यावर आबा म्हणाले, "आणलास की एक उकळी आण त्याला."

डॉक्टरांनी थर्मास उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

आबांना उकळी का हवी होती, हे कुणी विचारलं नाही.

मी आक्काबरोबर गेलो. त्या घरी एक वयस्कर बाई आणि त्यांचे मालक होते. बाई गोठ्याच्या दारात गवत टाकत होत्या. आक्का त्यांना तोंडओळखीनं ओळखत होती, पण अंगणात पहिल्यांदाच उभी होती.

"मावशी," आक्का म्हणाली, "आमच्या गाईची कास गेली. सकाळी कालवड झालीय. चीक मिळंल का वाईच?"

बाईंनी हातातलं गवत खाली ठेवलं. "सकाळी झाली? मग आत्तापातूर काय पाजलं?"

"काय न्हाई. दौंडला गेलो व्हतो चिकासाठी."

"दौंडला?" बाईंनी मालकांकडे पाहिलं. "ऐकलं का? दौंडाला गेली व्हती मंडळी. अवं, माझा थोरला रोज दौंडला जातोय, रेल्वेत कामाला. त्याच्याकडं निरोप दिला असता तर त्यानं तुमास्नी सांगितलं असतं, की चीक निमोण्यातच हाय!"

मालक हसले. आक्काही हसली, दिवसात पहिल्यांदा. बाईंनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. "सकाळचा पातेलंभर निघाला. आमचं वासरू पिऊन पिऊन फुगलं. वाटायला कुणी न्हाई, तवा वड्या केल्या. कवाच यायला पाहिजे व्हतं सूनबाई, आता हा दुसऱ्या धारंचा मिळंल."

"चालंल, मावशी. डॉक्टर म्हणले चालंल."

"चालंलच. आणा ती चरवी."

त्या लगेच बसल्या आणि धार काढायला लागल्या. पिवळी, जड धार चरवीत पडत होती. दुधाच्या धारेपेक्षा तिचा आवाज दबका असतो. मालकांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मी काय करतो, कुठल्या पेपरात आहे ते विचारलं. मग आमच्या वस्तीचा रस्ता कधी छापता, असंही विचारलं. चरवी भरली तशी आक्का पदरानं झाकून जवळजवळ पळतच निघाली. चीक गाईच्या अंगाच्या ऊबेचा होता आणि तेवढाच हवा होता.

बाटलीत ओतला. तो ओतला गेला, हे नोंदवण्यासारखं आहे. कालवडीनं आधी मान फिरवली. आक्कानं बोटाला चीक लावून तिच्या जिभेवर दिला, दुसऱ्यांदा दिला, आणि मग तिनं बूच धरलं. शेपूट हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, वेळ बरीच गेली आहे, किती उपयोग होईल ते आज सांगता येणार नाही. दोन-तीन आठवडे काढले तर समजा लागू पडला.

हे दोन-तीन आठवडे आक्कानं कसे काढले ते तिलाच माहीत. मी माझ्या परीनं एक प्रश्न घेऊन बसलो. वस्तू तीच आणि घडी मोडली, म्हणजे काय?

शिरूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे होते, केंदूरचे. त्यांच्याकडे मी दुसऱ्याच दिवशी वन्संच्या गाईचा चीक घेऊन गेलो. या वेळी गार, बाटलीतून आणलेला. त्यांनी तो एका काचपात्रात घेतला, पाण्याच्या भांड्यात ठेवला, तापमापी लावली आणि मंद आचेवर तापवायला सुरुवात केली. मी काचेच्या कांडीनं ढवळत होतो.

कोमट झाला, काही नाही. हाताला चटका बसेल इतका झाला, तरी पातळच. पारा साठच्या थोडा पुढं गेला आणि कांडी जड लागायला लागली. मग अचानक, जणू कुणी आतून हात धरला, ती अडखळली. प्राध्यापकांनी दिवा बंद केला आणि काचपात्र गार पाण्यात ठेवलं.

"आता परत पातळ होईल का?" त्यांनी विचारलं.

"तूप थिजलं तरी परत पातळ होतं."

"हे तूप नाही. बघत बसा."

ते पातळ झालं नाही. त्यांनी ते समजावून सांगितलं, आणि मी ते जसं समजलो तसं लिहितो आहे.

चिकात जे रोगाशी लढतं ते प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे एक लांबच लांब धागा. धागा स्वतः फार मजबूत असतो. आपल्या चुलीच्या आचेनं तो तुटत नाही. पण नुसता धागा काही कामाचा नाही. तो ठरावीक पद्धतीनं स्वतःवर दुमडतो, त्याची घडी होते, आणि त्या घडीला खाचा आणि टोकं येतात. त्या खाचेत रोगजंतूचा विशिष्ट भाग बसतो. काम सगळं घडीचं असतं.

"आणि घडी कशानं धरलेली?"

"हीच गंमत आहे. जवळपास कशानंच नाही."

त्यांच्या पँटला कुठून तरी कुसळं चिकटली होती. त्यांनी एक उपटून दाखवलं. एक कुसळ दोन बोटांनी निघतं, लागतही नाही. पण गवतातून चालत आलेल्या बाईच्या लुगड्याच्या दोन निऱ्या कुसळांनी एकमेकींना चिकटल्या तर एका झटक्यात सुटत नाहीत. प्रथिनाची घडी अशी असते. धाग्यावर एका जागी थोडा धनभार, समोर थोडा ऋणभार. एका जागी हायड्रोजन, समोर त्याला ओढणारा ऑक्सिजन. ही ओढ इतकी क्षीण की साध्या ऊबेतसुद्धा सुटते आणि पुन्हा लागते, सतत. शिवाय धाग्याचे काही भाग तेलासारखे, पाण्याला नाखूष. ते पाण्यापासून तोंड लपवून आत एकमेकांशेजारी गोळा होतात. काही थोड्या पक्क्या गाठीही असतात, पण घडीचा खरा भार या असंख्य कच्च्या लागण्यांवर.

"मग पक्क्याच गाठी का नाहीत सगळीकडे?" मी विचारलं.

"मग ते दगड झालं असतं. त्याला वाकायचं असतं, जंतूला धरायचं असतं. काम झाल्यावर शरीराला ते मोडून परत वापरायचंही असतं. सुटू शकतं म्हणून ते उपयोगाचं आहे."

घडी असणं आणि घडी मोडणं यांतलं अंतर फार थोडं असतं, असं ते म्हणाले. तापवलं की धागा थरथरतो, लागण्या जितक्या वेगानं सुटतात तितक्या वेगानं परत लागत नाहीत, आणि एका टप्प्यानंतर सगळी घडी एकदमच उलगडते. म्हणून कांडी अचानक अडखळली. उलगडल्यावर आत लपलेले तेलकट भाग उघडे पडतात. आता ते लपायला जागा शोधतात, आणि गर्दीत प्रत्येकाला शेजारचा उघडा पडलेला धागा सापडतो. सगळे सगळ्यांत गुंततात. तो खरवस. गार केलं तरी कुणाला आपली घडी परत सापडत नाही.

"आणि दूध?"

"दुधातल्या मुख्य प्रथिनाला मोडण्यासारखी पक्की घडी फारशी नसतेच. जी घडीवाली असतात ती थोडी. चिकात ती ठासून भरलेली."

म्हणजे वन्संनी पाठवलेल्या थर्मासमध्ये एकही धागा तुटलेला नव्हता. कुठल्याही तराजूत त्याचं वजन तेवढंच भरलं असतं. फक्त ज्या क्षीण लागण्यांना कुणी मोजत नाही, त्या सुटल्या होत्या. मी त्यावर दैनिकाच्या शेतीच्या पानासाठी चार परिच्छेद लिहिले. पुण्याच्या संपादकीय टेबलानं मथळा दिला, 'वासराला चीक कोमटच पाजा', आणि चारांतले दोन परिच्छेद कापले. कापलेले दोन हेच होते.

मी त्या पंधरवड्यात घरी अंडं उकडताना, दूध नासताना, दही लागताना उगाच उभा राहून बघत असे. लिंबू पिळलं की आच न देताही दूध फाटतं, कारण आंबटपणानं धाग्यांवरचे भार बदलतात, हेही प्राध्यापकांनीच सांगितलं. एकदा दाजी सुट्टीवर असताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं, पण कालवड जगंल का?"

 हे मी प्राध्यापकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, घड्या शाबूत होत्या एवढं सांगता येईल. त्या वेळेवर आत गेल्या का, ते कालवडच सांगेल.

वस्तीतल्या मावशी पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चीक देत होत्या. आतडं आता तो रक्तात घेणार नाही, पण पोटात राहून थोडी राखण करील, असं डॉक्टर म्हणाले म्हणून आक्का तो पाजत राहिली. मावशी पुढं दूधही देत राहिल्या.  एकदा आक्काला यायला उशीर झाला तर चरवी घेऊन आबा स्वतः गोठ्याच्या मागच्या वाटेनं निघाले. अर्ध्यावर मावशीचे मालक भेटले आणि दोघं तिथंच बांधावर बसले. बिबट्या कुठं दिसला यावर ते इतका वेळ बोलत होते की दूध आक्कानंच जाऊन आणलं.

दुसऱ्या आठवड्यात कालवडीला हगवण लागली.

त्या दिवशी मी निमोण्यातच होतो. सकाळी ती उठली नाही. शेण पाण्यासारखं, पांढुरकं, घाण वास. डोळे आत गेलेले. आक्कानं तिला पोत्यानं पुसलं, मीठ-साखरेचं पाणी बाटलीनं थेंब थेंब पाजलं. डॉक्टर आले. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती हळू परत बसते ते पाहिलं. खालची पापणी ओढून रंग पाहिला. औषध दिलं. काही वचन दिलं नाही.

"आता तिच्या रक्तात काय हाय, त्याच्यावर हाय ना?" आक्कानं विचारलं.

"त्याच्यावरच."

"दिसत न्हाई का ते? सुईनं रगात काढून?"

"इथं नाही दिसत. उद्या दिसेल."

मावशी दुपारी आल्या. आक्काच्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. आल्या त्या थेट गोठ्यात. कालवडीजवळ बसून त्यांनी तिच्या कानांना हात लावला. "कान गार न्हाईत," त्या म्हणाल्या. "कान गार पडले की संपलं. हिचे हायेत बघ ऊन." आक्कानं हात लावला. मग मला लावायला लावला. मला फरक कळला नाही, पण मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेण दाट झालं. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, आणि आक्काच्या मांडीवर ढुशी मारून दूध मागायला लागली. ढुशी इतक्या जोरात बसली की आक्काच्या हातची बाटली उडाली. आक्कानं तिला एक सणसणीत शिवी हासडली. आबा ओट्यावरून म्हणाले, "आता जगली."

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला पुन्हा कातडी ओढून पाहिली. ती लगेच परत बसली. त्यांनी मान हलवली आणि गाईच्या कासेकडे वळले. कालवडीनं दावणीतलं गवताचं एक पातं तोंडात घेतलं, काही वेळ चघळलं, आणि तसंच बाहेर टाकून दिलं.